शेक दिल्यानं काय होईल?

फाईल माझ्या टेबलावर ठेवायच्या आधीच मुलानं दोन गोष्टी सांगितल्या. पहिली, "मॅडम, अण्णांना अल्सर आहे असंच सांगितलंय. तुम्हीपण तेच सांगा." दुसरी, "शेक दिल्यावर गाठ जाईल ना?" अण्णा तेव्हा बाहेर व्हीलचेअरवर बसले होते.

मी रेडिएशन ऑन्कॉलॉजिस्ट आहे, म्हणजे कॅन्सरवर किरणांचा उपचार करणारी डॉक्टर. आमच्या उपचाराला लोक शेक म्हणतात, कुणी लाईट म्हणतं, कुणी करंट. नाव काहीही असो, आमच्या दारात येणारा जवळजवळ प्रत्येक जण हा दुसरा प्रश्न विचारतो. कॅन्सर पसरलेला असेल तर त्याचं खरं उत्तर "नाही" असं असतं. मग लगेच पुढचा प्रश्न येतो, "मग शेक द्यायचा कशाला?"

आजचा लेख या पुढच्या प्रश्नाबद्दल आहे. अण्णांच्या मुलाची परवानगी घेऊन लिहिते आहे, आणि ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.

अण्णांना झालं काय होतं?

वय ६८. एसटीत ड्रायव्हर म्हणून नोकरी करून निवृत्त झालेले. गाव पंढरपूरच्या पुढं, आमच्या हॉस्पिटलपासून चार-पाच तासांवर. सहा महिन्यांपासून जेवण कमी झालं होतं. दोन घास खाल्ले की पोट भरायचं. गुडघे दुखतात म्हणून मेडिकलमधून आणलेल्या गोळ्या चालू होत्या, त्यामुळे पोटातली जळजळ त्या गोळ्यांचीच असं सगळ्यांनी धरलं. मग चक्कर यायला लागली. एक दिवस मोरीत पडले, तेव्हा हिमोग्लोबिन तपासलं. ते ५.८ निघालं.

शी डांबरासारखी काळी, चिकट होत होती. हे त्यांनी दोन महिने कुणालाच सांगितलं नव्हतं. घरात सुना, नाती, त्यात असल्या गोष्टी कुणाला सांगायच्या?

दुर्बिणीच्या तपासणीत जठराच्या खालच्या भागात मोठी जखम झालेली गाठ दिसली आणि तिच्यातून रक्त झिरपत होतं. तुकडा तपासला, कॅन्सर निघाला. सीटी स्कॅनमध्ये यकृतात आणखी गाठी होत्या. ऑपरेशन करून सगळं काढून टाकण्याची वेळ निघून गेली होती. केमोथेरपी झेपेल इतकी ताकद अंगात उरली नव्हती. दुर्बिणीतून रक्तस्राव थांबवायचा प्रयत्न झाला. चार दिवस बरे गेले आणि परत काळी शी सुरू झाली. दर आठ-दहा दिवसांनी रक्ताच्या दोन पिशव्या लावायच्या, तेवढ्यापुरती तरतरी यायची, की पुन्हा तेच. तेव्हा आमच्या पोटाच्या सर्जननी त्यांना माझ्याकडे पाठवलं.

जठरातली गाठ रक्त का सोडते?

कॅन्सरची गाठ वाढताना स्वतःसाठी रक्तवाहिन्या तयार करते. त्या घाईघाईनं बांधलेल्या भिंतीसारख्या कच्च्या असतात. गाठीच्या पृष्ठभागावर जखम होते, त्यावर जठरातलं आम्ल आणि अन्न रोज घासतं. त्यामुळे रक्त थेंब थेंब पाझरत राहतं. हे रक्त आतड्यातून खाली जाईपर्यंत काळं पडतं, म्हणून शी लाल दिसत नाही, काळी दिसते. कधी कॉफीच्या चोथ्यासारखी उलटी होते.

इथं एक खुलासा. लोहाच्या गोळ्या चालू असतील तरी शी काळी होते. पण ती डांबरासारखी चिकट नसते आणि तिला तो उग्र वासही नसतो. शंका आली तर लपवू नका आणि स्वतः अंदाजही बांधू नका, डॉक्टरांना सांगा.

दुसरी गोष्ट गुडघ्यांच्या गोळ्यांची. डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन, ॲस्पिरिन यांसारख्या औषधांनी जठरातला रक्तस्राव वाढू शकतो. अण्णांच्या या गोळ्या पहिल्या दिवशीच थांबवल्या आणि त्यांच्याऐवजी दुसरं औषध दिलं. हृदयासाठी ॲस्पिरिन चालू असेल तर मात्र ती मनानं बंद करू नका, आधी विचारा.

किरणांनी रक्त थांबतं कसं?

किरणांमुळे गाठीच्या पृष्ठभागावरच्या पेशी मरतात. त्या कच्च्या, बारीक रक्तवाहिन्यांच्या आतल्या अस्तराला इजा होते, तिथं रक्त गोठतं आणि हळूहळू त्या वाहिन्या बंद होतात. पुढं जखम थोडी आक्रसते.

हे एका रात्रीत होत नाही. काहींना तीन-चार दिवसांत फरक पडतो, बऱ्याच जणांना एक ते दोन आठवडे लागतात. तोपर्यंत गरज पडली तर रक्त लावावं लागतं. म्हणून एखाद्याला भडाभडा रक्ताची उलटी होत असेल, शुद्ध हरपत असेल, तर आमच्या विभागाकडे धावत येऊन उपयोग नाही. त्या वेळी इमर्जन्सी, दुर्बीण, किंवा रक्तवाहिनीत नळी घालून ती बंद करण्याचा उपाय करावा लागतो. शेक झिरपणाऱ्या रक्ताचा उपाय आहे.

किती जणांना गुण येतो? वेगवेगळ्या अभ्यासांचे आकडे एकत्र केले तर जठराच्या कॅन्सरमधला रक्तस्राव साधारण चारपैकी तिघांचा थांबतो किंवा बराच कमी होतो. दुखणं साधारण तिघांपैकी दोघांचं कमी होतं. अन्न अडकण्याचा त्रासही जवळपास तितक्याच जणांना कमी होतो, पण त्याला वेळ जास्त लागतो आणि त्याची खात्री कमी. जठराचं तोंड बंद होऊन खाल्लेलं सगळं उलटून पडत असेल, तर दुर्बिणीतून जाळीची नळी, म्हणजे स्टेंट बसवून लवकर आराम मिळतो. तब्येत बरी असेल आणि पुढं काही महिने हाताशी असतील असं वाटत असेल, तर सर्जन अन्नाला दुसरी वाट करून देणारं बायपासचं ऑपरेशनही सुचवतात. प्रत्येक त्रासाला वेगळा उपाय असतो, आणि शेक त्यातला एक आहे.

आता "चारपैकी तिघांचा" म्हटलं की चौथाही असतो. त्याला शेक घेऊनही रक्त लावत राहावं लागतं. हे मी आधीच सांगते, कारण चौथ्या माणसाच्या घरच्यांना नंतर आपण फसवलो गेलो असं वाटता कामा नये.

एक जुनी गोष्ट

कॅन्सरवर किरणांचा उपचार करण्याच्या अगदी पहिल्या प्रयत्नांमध्ये जठराच्या कॅन्सरचा एक रुग्ण आहे, हे फार जणांना माहीत नसतं. रोंटगेन यांना क्ष-किरण सापडले नोव्हेंबर १८९५मध्ये. पुढच्याच जुलैत, १८९६ साली, फ्रान्समधल्या लियाँ शहरात व्हिक्टर देपेन्य नावाच्या डॉक्टरांनी ५२ वर्षांच्या एका माणसाच्या पोटावर हे किरण सोडायला सुरुवात केली. रोज दोन वेळा, अर्धा-अर्धा तास. निदान जठराच्या कॅन्सरचं होतं, तेही त्या काळच्या पद्धतीनं, पोट हातानं तपासून केलेलं. माणूस वाचला नाही, महिना संपायच्या आत गेला. पण त्याच्या वेदना कमी झाल्या होत्या, आणि डॉक्टरांनी ते लिहून ठेवलं.

मला ही गोष्ट महत्त्वाची वाटते. किरणांचा डोस मोजायची धड सोयही नव्हती तेव्हापासून हा उपचार रुग्णाचा त्रास कमी करत आला आहे. आज पुष्कळ कॅन्सर आम्ही किरणांनी मुळापासून बरे करतो. तरीही रेडिओथेरपी विभागात रोज येणाऱ्या रुग्णांमध्ये केवळ आराम मिळावा म्हणून येणारे पुष्कळ असतात. हाडातलं दुखणं, मेंदूतली सूज, छातीतली गाठ, आणि अण्णांसारखा जठरातला रक्तस्राव. याला आम्ही पॅलिएटिव्ह रेडिओथेरपी म्हणतो. मराठीत उपशामक. आजार जात नाही, त्याचा त्रास कमी होतो.

माझी चूक

अण्णांच्या मुलाशी बोलताना मला एका मावशींची आठवण येत होती. त्याला आता बारा-तेरा वर्षं झाली. त्या रत्नागिरीकडच्या, वय साठच्या आसपास. आजार हाच, त्रासही हाच. मी तेव्हा नवीन होते. पुस्तकात होतं तसं दहा दिवसांचं वेळापत्रक आखलं, म्हणजे शनिवार-रविवार धरून दोन आठवडे. त्याआधी तपासण्या, मशीनची तारीख मिळायची वाट, त्यात चार दिवस. नवरा-बायको हॉस्पिटलजवळच्या धर्मशाळेत राहिली.

शेकाचा गुण आला. सहाव्या-सातव्या दिवशी शीचा रंग बदलला, रक्त लावायची गरज उरली नाही. मी खूश होते. मावशी रोज टेबलावरून उतरताना एकच विचारायच्या, "आता किती राहिले हो?" मला वाटायचं, कंटाळल्या असतील. मी सांगायचे, "थोडेच राहिलेत मावशी, पूर्ण करू या."

उपचार संपवून त्या घरी गेल्या. महिन्याभरानं त्यांचे यजमान काही कागदांवर सही घ्यायला आले, तेव्हा कळलं की घरी गेल्यावर नवव्या दिवशी त्या गेल्या. रक्तस्रावानं नाही. यकृत थकलं होतं. तक्रार करायला ते आले नव्हते. बोलता बोलता एवढंच म्हणाले, "तिला लावणीच्या आधी घरी जायचं होतं. तोवर लावणी झाली."

मी नंतर हिशोब केला. आम्ही भेटल्यापासून त्यांच्या हाती साधारण २७ दिवस होते. त्यातले १८ त्यांनी आमच्या शहरात घालवले.

उपचार चुकीचा नव्हता. पण त्यांना मी कधी विचारलंच नाही की घरी काय वाट बघतंय. तेव्हाही एका दिवसात किंवा पाच दिवसांत होणारा उपचार उपलब्ध होता. जास्त दिवस म्हणजे जास्त चांगलं, असं मी न विचारता धरून चालले होते.

एक दिवस, पाच दिवस की दहा दिवस?

किरणांचा डोस ग्रे नावाच्या एककात मोजतात. जठराच्या रक्तस्रावासाठी साधारण तीन पद्धती वापरल्या जातात. एकाच दिवशी ८ ग्रे, पाच दिवसांत २० ग्रे, किंवा दहा दिवसांत ३० ग्रे. रक्त थांबवण्यासाठी लांबचा कोर्स छोट्यापेक्षा हमखास सरस ठरतो, असं आजवरच्या अभ्यासांत दिसलेलं नाही. तब्येत बऱ्यापैकी चांगली असेल, केमोथेरपीही चालू राहणार असेल, तर काही वेळा मोठा कोर्स विचारात घेतात. माणूस थकलेला असेल, गाव लांब असेल, तर एक किंवा पाच दिवस पुरतात. एकदा दिलेल्या छोट्या कोर्सनंतर काही काळानं परत रक्त सुरू झालं, तर काही रुग्णांना तो पुन्हाही देता येतो.

"एकच शेक दिला, म्हणजे डॉक्टरांनी आशा सोडली" किंवा "पैसे कमी म्हणून कमी दिला" असं कृपया समजू नका. किती दिवस द्यायचा हे ठरवताना आजाराइतकाच रुग्णाकडच्या दिवसांचा विचार करावा लागतो.

अण्णांना विचारलं

मुलाला मी म्हणाले, "मी आपणहून काही सांगणार नाही. पण त्यांनी सरळ विचारलं तर खोटं बोलणार नाही. आधी त्यांना काय हवंय ते विचारू या." तो नाराजीनंच उठला आणि व्हीलचेअर आत घेऊन आला.

मी विचारलं, "अण्णा, सगळ्यात जास्त त्रास कशाचा होतोय?"

मला वाटलं होतं दुखण्याचा म्हणतील. ते म्हणाले, "मोरीपर्यंत एकट्याला जाता येत न्हाई. धरायला माणूस लागतंय. आन् दर आठ दिसाला ही बाटली."

मग मी विचारलं, "तुमच्या आजाराबद्दल तुम्हाला किती सांगू? सगळं ऐकायचंय, का मी मुलाशी बोलू?"

त्यांनी मुलाकडे पाहिलं. म्हणाले, "पोरगं म्हणतंय अल्सर हाय. अल्सरला एवढ्या लांब कोण आणतं, मॅडम? पस्तीस वर्सं गाडी चालवलीय मी. इंजिनाचा आवाज बदलला की ड्रायव्हरला पहिल्यांदा कळतं. कंडक्टरला मागनं."

मुलगा खिडकीकडे तोंड करून उभा राहिला. मी अण्णांना सांगितलं. गाठ कॅन्सरची आहे, यकृतात गेली आहे, ती आम्हाला काढता येणार नाही. पण रक्त थांबवायचा चांगला प्रयत्न करता येईल, आणि रक्त थांबलं तर अंगात थोडी ताकद राहील. ते ऐकत होते. मग विचारलं, "किती दिस लागत्याल हितं?"

मी एका दिवसाचा आणि पाच दिवसांचा, दोन्ही पर्याय सांगितले. एका मोठ्या डोसनंतर त्या दिवशी मळमळ थोडी जास्त होऊ शकते, पाच दिवसांत डोस विभागला जातो, हेही सांगितलं. मी असते तर एका दिवसाचा निवडला असता. त्यांनी पाच दिवस निवडले. कारण वैद्यकीय नव्हतं. लेक याच शहरात राहत होती, आणि नातीला त्यांनी दिवाळीपासून पाहिलं नव्हतं.

प्रत्यक्षात काय करतात?

आधी एक सीटी स्कॅन होतो, उपचाराचा नकाशा काढण्यासाठी. पोटावर शाईनं खुणा करतात. त्या धुऊ द्यायच्या नसतात. जठर ही पिशवी आहे, भरली की फुगते आणि जागा बदलते. म्हणून स्कॅनच्या वेळी आणि रोजच्या उपचाराच्या वेळीही तीन-चार तास पोट रिकामं ठेवायला सांगतो. दोन्ही मूत्रपिंडं, यकृत, आतडी जवळच असतात. त्यांना कमीत कमी किरण लागतील असा नकाशा आम्ही फिजिसिस्टबरोबर बसून बनवतो.

टेबलावर झोपून राहायचं, नेहमीसारखा श्वास घ्यायचा. सगळं मिळून दहा-पंधरा मिनिटं, त्यात किरण काही मिनिटंच चालू असतात. एक्स-रे काढताना जसं काही जाणवत नाही तसंच इथंही. चटका बसत नाही, शॉक लागत नाही. शेक आणि करंट ही दोन्ही नावं त्या दृष्टीनं चुकीची आहेत. खोलीत रुग्ण एकटा असतो, पण आम्ही कॅमेऱ्यातून पाहत असतो आणि हात वर केला की मशीन थांबवतो.

यंत्र बंद झालं की अंगात किरण उरत नाहीत. घरी आल्यावर वेगळं झोपायची, वेगळ्या ताटाची काही गरज नाही. नातवंडांना मांडीवर खुशाल घ्या. पोटावर किरण दिल्यानं डोक्याचे केस गळत नाहीत.

त्रास होतो तो मुख्यतः मळमळ, उलटी आणि थकवा यांचा. काही दिवस भूक आणखी कमी होते. उलटीची गोळी शेकाच्या साधारण अर्धा ते एक तास आधी एका घोट पाण्याबरोबर घ्यायची असते. अण्णांनी दुसऱ्या दिवशी ती घेतली नाही, कारण "पोट रिकामं ठेवा" सांगितलं म्हणून लेकीनं गोळीपण दिली नाही. त्या संध्याकाळी चार उलट्या झाल्या. चूक आमची होती, आम्ही नीट सांगायला हवं होतं. तुम्ही विचारून घ्या. जेवण थोडं थोडं, पाच-सहा वेळा. पेज, मऊ भात, ताक, पातळ खिचडी, जे रुचेल ते. आम्ल कमी करणारी गोळी चालू ठेवायची.

पुढं काय झालं?

पहिल्या आठवड्यात एकदा रक्त लावावं लागलं. शुक्रवारी शेवटचा शेक झाला, तरी शी काळीच होती. मुलाचा चेहरा पडला. मी दहा दिवस थांबायला सांगितलं. पुढच्या बुधवारी फोन आला, रंग पिवळट झालाय. हिमोग्लोबिन नऊच्या जवळ टिकलं. त्यानंतर सात आठवडे रक्ताची एकही पिशवी लागली नाही.

गाठ तिथंच होती, यकृतातल्या गाठीही होत्या. वजन उतरतच होतं. पण अण्णा मोरीपर्यंत एकटे जात होते. संध्याकाळी गावच्या स्टँडवर जाऊन जुन्या मंडळींत तासभर बसत होते. आपल्याला काय झालंय हे त्यांना माहीत होतं, म्हणून त्यांनी आणखी काही कामं उरकली. पेन्शनच्या खात्याला बायकोचं नाव लावलं. विहिरीच्या वाटणीवरून भावाशी अबोला होता, त्याला बोलावून घेतलं. अल्सरच्या माणसानं ही घाई केली नसती, हे मुलगाच मला नंतर म्हणाला.

दुखणं वाढलं तेव्हा मॉर्फिन सुरू केलं. मॉर्फिन म्हणजे शेवट, किंवा त्याचं व्यसन लागतं, या भीतीनं पुष्कळ जण ते टाळतात. डॉक्टरांच्या देखरेखीखाली, दुखण्याच्या मापानं दिलं तर ते सुरक्षित औषध आहे. आपल्या देशात २०१४मध्ये अमली पदार्थांच्या कायद्यात बदल झाला तो अशा रुग्णांना ते मिळणं सोपं व्हावं म्हणूनच. त्यानं बद्धकोष्ठ होतं, म्हणून सोबत पोट साफ होण्याचं औषध द्यावं लागतं.

दहाव्या आठवड्यात मुलाचा फोन आला. शी परत काळी झालीय, परत शेकाला आणू का? मी विचारलं, दिवसभरात किती वेळ जागे असतात? "तास-दोन तास. पाणी चमच्यानं देतोय." मी नको म्हणाले. शेकाचा गुण यायला जेवढे दिवस लागतात, तेवढे आता नव्हते. चार-पाच तासांच्या प्रवासात त्यांचे हालच झाले असते. गावातल्या डॉक्टरांशी मी बोलले, औषधं ठरवली. घरात गडद रंगाचे दोन-तीन टॉवेल काढून ठेवायला सांगितलं. अचानक रक्त गेलंच, तर पांढऱ्या चादरीवर ते फार भयंकर दिसतं आणि घरातली माणसं हादरतात. टॉवेल लागले नाहीत. तीन दिवसांनी पहाटे अण्णा झोपेतच गेले, आपल्या घरी.

तुमच्या घरी असा प्रसंग असेल तर

डॉक्टरांना हे प्रश्न जरूर विचारा. हा उपचार आजार बरा करण्यासाठी आहे, की त्रास कमी करण्यासाठी? नेमका कोणता त्रास कमी होईल आणि किती दिवसांत फरक कळेल? याहून कमी दिवसांत होईल का? त्याऐवजी दुर्बिणीचा, स्टेंटचा उपाय आहे का? उपचार घेतलाच नाही तर काय होईल, आणि मग घरी काय करायचं?

खर्चाची चिंता असेल तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत रेडिओथेरपीचा समावेश आहे. योजनेतल्या हॉस्पिटलमध्ये आरोग्यमित्र बसतात, रेशनकार्ड आणि आधारकार्ड घेऊन आधी त्यांना भेटा. उपचारासाठी रेल्वेनं जाणाऱ्या कॅन्सर रुग्णाला आणि सोबतच्या माणसाला भाड्यात सवलत असते, त्याचा फॉर्म आमच्यासारखे डॉक्टर भरून देतात. घरी सांभाळणं अवघड होत असेल तर पॅलिएटिव्ह केअर केंद्रांची मदत घ्या. मुंबईत वांद्र्याचं शांती आवेदना सदन १९८६पासून हे काम करतं आहे, पुण्यात वारज्यालाही असं केंद्र आहे. तिथं जाणं म्हणजे माणसाला टाकून देणं नव्हे. ज्यांना त्रास कमी करण्याचं शिक्षण आहे, अशा लोकांच्या हाती ते सोपवणं आहे.

आणि एक प्रश्न डॉक्टरांना नाही, आजारी माणसाला विचारा. तुला सगळ्यात जास्त काय नकोसं झालंय, आणि तुला काय करायचं राहिलंय? मी तो प्रश्न रत्नागिरीच्या मावशींना विचारला नव्हता. आता फाईल उघडायच्या आधी तोच विचारते, आणि कितीदा तरी उत्तर ऐकून आधी ठरवलेलं वेळापत्रक बदलते.